नियोगींचा नियम आणि समुपदेशनाची खोली

नागपुरात एखाद्या ख्रिस्ती संस्थेने मानसिक आरोग्य समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढावा, असं नुसतं सुचवलं तरी समोरून ठरलेलं उत्तर येतं. शाळा झाल्या, दवाखाने झाले, आता थेट माणसाच्या मनातच शिरायचं आहे का? असं विचारणारे सगळेच द्वेषाने बोलत नाहीत. त्यांत माझे स्नेही आहेत, निवृत्त प्राध्यापक आहेत, स्वतःची मुलं कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेले पालक आहेत. त्यामुळे हा आक्षेप झटकून टाकून चालणार नाही. तो त्याच्या सगळ्यांत भक्कम रूपात समोर घ्यायला हवा आणि मग उत्तर द्यायला हवं.

ते भक्कम रूप शोधायला नागपूरबाहेर जावं लागत नाही. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं तेव्हा, १९५४ साली, रविशंकर शुक्लांच्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. सदस्यांत वर्ध्याचे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापक एस. के. जॉर्जही होते. समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, अकरा हजारांहून अधिक लोकांना भेटली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळा, दवाखाने, अनाथालयं धर्मांतरासाठी वापरली जातात, हा त्यातला निष्कर्ष ख्रिस्ती समाजाने तेव्हाही नाकारला आणि आजही नाकारतो. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण अहवालातली एक शिफारस मला पूर्ण मान्य आहे: वैद्यकीय किंवा इतर व्यावसायिक सेवा धर्मांतराचं थेट साधन म्हणून वापरायला कायद्याने बंदी असावी.

आक्षेप घेणारे याच शिफारशीचा हवाला देतात. मीही तिच्यावरच उभी आहे, आणि तिथून मला नेमका उलटा रस्ता दिसतो. सेवा देणाऱ्याने सेवा बंद करावी असं ती म्हणत नाही. सेवा घेणाऱ्याच्या असहायतेचा फायदा कुणी घेऊ नये असं ती म्हणते. अहवाल आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत हेच नियोगी होते. धर्मांतराची इतकी कडक तपासणी करणारा माणूस स्वतः धर्म बदलतो, यात काहींना विसंगती वाटते. मला मात्र त्यांच्या शिफारशीचा अर्थ तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. विचार करून, उघड्या मैदानात, आपल्या पायांवर उभं राहून घेतलेला निर्णय वेगळा आणि आजारी, कर्जबाजारी, रडवेल्या माणसाकडून काढून घेतलेला होकार वेगळा. समुपदेशनाच्या व्यवसायाची आचारसंहिता याच फरकावर उभी आहे. समोरच्यावर आपली मूल्यं लादायची नाहीत, हा तिचा पहिल्या काही नियमांतला एक. मग जो हे शिकतो त्यालाच संशयाने बाजूला सारायचं, हे मला पटत नाही.

इथे आक्षेपक म्हणतात, आणि बरोबर म्हणतात, की वर्ग आणि समुपदेशनाची खोली यांत फरक आहे. १८८३ पासून मिशनच्या हिस्लॉप महाविद्यालयात नागपूरच्या पिढ्या शिकल्या आणि आपापल्या धर्मात राहूनच बाहेर पडल्या, हा दाखला खोलीला लागू पडत नाही. वर्गात साठ जण असतात. खोलीत एकटा माणूस असतो, दार बंद असतं आणि त्याने आयुष्यात कुणाला न सांगितलेलं तो तिथे सांगतो. तिथे कुणाच्याही श्रद्धेचा रेटा फार लवकर काम करतो. हे मला मान्य आहे. पण ते बंद दार फक्त ख्रिस्ती समुपदेशकाच्या खोलीला नसतं. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, नास्तिक, सगळ्यांच्या खोल्यांना तसंच दार असतं. त्या दाराआड काय बोललं गेलं, हे नंतर कुणापुढे मांडावं लागतं की नाही, यावर समोरच्याची सुरक्षितता ठरते.

आणि ते मांडायला लावणं हाच पदव्युत्तर प्रशिक्षणाचा गाभा आहे. त्यात एक सराव असतो, त्याला सगळे ‘वर्बेटिम’ म्हणतात. भेट संपली की शिकणाऱ्याने झालेलं बोलणं आठवून शब्दशः उतरवायचं. नाव-गाव बदलायचं. डावीकडे दोघांची वाक्यं आणि उजवीकडे त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं ते. मग तो कागद पर्यवेक्षकापुढे आणि चार-पाच सहाध्यायांपुढे मोठ्याने वाचायचा. समजा, काटोलकडची एक बाई म्हणते, “रातभर डोयाले डोया लागत नाई. पाय विहिरीकडं वयते.” आणि शिकणारी मुलगी उत्तर देते, “असं बोलू नका ताई, देवावर भरवसा ठेवा, सगळं नीट होईल.” पर्यवेक्षक तिथेच थांबवतात. हे वाक्य ताईंसाठी होतं, की विहिरीचं नाव ऐकून तुला भीती वाटली म्हणून? जीव द्यावासा वाटतो का, कधीपासून, आज रात्री घरी सोबत कोण आहे, हे सरळ का विचारलं नाहीस? सरळ विचारल्याने कुणी जीव देत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे तू वाचलेलं आहेस ना? देवाचं नाव आधी कुणी काढलं, त्यांनी की तू? उजव्या रकान्यात काय लिहिलं आहेस? मुलगी वाचते, “काय बोलावं सुचेना.” पुढचा सगळा वेळ त्या एका ओळीवर जातो.

मी अशा बैठकांना बसले आहे. त्या ओळीतला देव येशू असो, विठोबा असो की शेगावचे गजानन महाराज, चूक एकच असते आणि ती पकडायची रीतही एकच. ज्याने कधी वर्बेटिम लिहिलंच नाही, तो ती चूक वीस वर्षं करत राहू शकतो. त्याला ती कळतही नाही, कारण त्याच्या खोलीतून परत गेलेली बाई पुन्हा येत नाही एवढंच त्याला दिसतं.

ही रीत कुठून आली, तेही सांगायला हवं. अँटन बॉयसन हे अमेरिकेतले धर्मोपदेशक. ते स्वतः तीव्र मनोविकाराने रुग्णालयात राहून आले होते. १९२५ साली त्यांनी वुस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकायला आणलं. पुस्तकांइतकंच जिवंत माणसांकडून शिका, हा त्यांचा आग्रह. त्या चळवळीतून वर्बेटिम रुळलं. समोरच्याला कोणतीही अट न घालता स्वीकारा, हे ज्यांच्यामुळे जगभरच्या समुपदेशकांच्या तोंडी बसलं, ते कार्ल रॉजर्स न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मोपदेशक व्हायला गेले होते. दोन वर्षांनी ते सोडून ते शेजारच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात दाखल झाले. म्हणजे ज्या विद्येपासून ख्रिस्ती संस्थांना दूर ठेवा असं आपण म्हणतो, तिच्या घडणीत चर्चमधून आलेली माणसं आहेत. काही तिथेच राहिली, काही बाहेर पडली.

महाराष्ट्राचा स्वतःचा दाखलाही कमी बोलका नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच आजचं टाटा सामाजिक विज्ञान संस्थान. पहिले संचालक होते क्लिफर्ड मॅन्शार्ट, अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी, नागपाड्याच्या वस्तीत काम केलेले. दुसऱ्याच वर्षी तिथे मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र उघडलं, देशातलं पहिलं. आज ‘टिस’ला कुणी मिशनऱ्यांची संस्था म्हणत नाही, आणि म्हणायचं कारणही नाही. महाराष्ट्राबाहेरही असंच: लखनौचं नूर मंझिल हे मनोपचार केंद्र १९५० मध्ये ई. स्टॅन्ले जोन्स या मेथडिस्ट मिशनऱ्याने काढलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्राने मनोरुग्णाबरोबर त्याच्या घरच्या माणसांनाही राहायला जागा दिली, तीही रुग्णाला भिंतीआड टाकून नातेवाईक निघून जाण्याच्या काळात.

आणि अँथनी डिमेलो? मुंबईत जन्मलेले हे जेझुइट फादर अमेरिकेत समुपदेशन शिकून आले आणि त्यांनी १९७० च्या दशकात पुण्यात साधना संस्था उभी केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. धर्मगुरू आणि नन यांना समुपदेशन शिकवताना त्यांनी श्वासावरचं लक्ष, विपश्यनेसारखी ध्यानं, सूफी आणि बौद्ध गोष्टी, सगळं वापरलं. १९८७ मध्ये ते गेले. १९९८ मध्ये व्हॅटिकनने अधिकृत सूचनापत्र काढून त्यांच्या लिखाणातल्या काही मतांपासून सावध राहायला सांगितलं. अशी शाळा उभारणाऱ्या फादरचं लिखाण त्यांच्याच चर्चला अति मोकळं वाटलं. ‘ख्रिस्ती प्रशिक्षण म्हणजे धर्मांतराचा कारखाना’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा इतिहास कुठे बसवायचा ते सांगावं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते. माझं खरं भांडण कदाचित तिच्याशीच जास्त आहे. चर्चमधली काही मंडळी म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? पाळक आहेत, प्रार्थना आहे, पवित्र शास्त्र आहे. दोन शनिवार-रविवारची कार्यशाळा घेऊ, प्रमाणपत्र देऊ, झाले समुपदेशक. हे ऐकलं की मला संताप येतो. नैराश्याने खंगलेल्या तरुणाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असं सांगणं हे जखमेवर मीठ आहे. भास होणाऱ्या मुलीवर हात ठेवून ‘सुटके’च्या प्रार्थनेत तिला रात्रभर ओरडायला लावणं आणि औषध बंद करायला सांगणं हा गुन्ह्याच्या वाटेवरचा अपराध आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणाऱ्याचा धर्म विचारत नाही. प्रार्थनेला माझा विरोध नाही. ज्याला ती हवी आहे त्याला ती मोठा आधार देते, हे मी पाहिलं आहे. पण प्रार्थना मागितलेल्यालाच द्यायची असते, आणि ती कधीही औषधाच्या जागी द्यायची नसते.

विदर्भातल्या चर्चला तर हे शिकायची संधी हाताशी होती. युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळात होती, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्यालय आजही नागपुरात आहे. इमारती आहेत, माणसं आहेत, जगभरचे संबंध आहेत. कमी पडते ती स्वतःला बाहेरच्या मापाने मोजून घ्यायची तयारी.

ते माप कसं असतं, याचं एक उदाहरण. अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ‘कॅक्रेप’ नावाची परिषद विद्यार्थ्याकडून आधी १०० तासांचा प्रत्यक्ष सराव आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप मागते. त्यांत किमान ४० आणि २४० तास माणसाच्या समोर बसून काम केलेलं हवं, तेही पर्यवेक्षणाखाली. ज्या ख्रिस्ती विद्यापीठांना ही मान्यता हवी असते, त्यांना एक तासाचीही सूट नाही. तिथेही वाद झाले. मिशिगनमधल्या एका सरकारी विद्यापीठात समुपदेशन शिकणाऱ्या विद्यार्थिनीने नैराश्यासाठी आलेल्या समलिंगी व्यक्तीला आपल्या श्रद्धेमुळे दुसरीकडे पाठवू द्या असं म्हटलं, आणि २००९ मध्ये तिला अभ्यासक्रमातून काढलं गेलं. खटला वरच्या न्यायालयात गेला, २०१२ मध्ये तडजोड झाली. दोन वर्षांनी तिथल्या समुपदेशक संघटनेने आचारसंहितेत स्पष्टच लिहिलं की केवळ आपली वैयक्तिक मूल्यं आड येतात म्हणून कुणाला दुसरीकडे पाठवता येणार नाही.

मला हाच नियम नागपुरात हवा आहे, आणि तो कागदावर हवा आहे. समलिंगी मुलगा, घटस्फोट घेऊ पाहणारी बाई, गर्भपात करून आलेली मुलगी, धर्म बदललेला किंवा सोडलेला माणूस, यांच्यापुढे बसताना ज्याची श्रद्धा आड येते त्याने हा व्यवसाय निवडू नये. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये समलिंगी व्यक्तीला ‘बदलण्याचे’ उपचार थांबवायचे आदेश दिले, पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. एखाद्या संस्थेला यातून धर्माच्या नावाने पळवाट हवी असेल, तर मीही आक्षेपकांच्या रांगेत उभी राहीन.

सरकारी विद्यापीठानेच हे करावं, धर्माचा संबंधच नको, असं तिसरं मत आहे. सरकारने जरूर करावं. पण गरज एवढी आहे की ‘यांनीच करावं’ असं म्हणायला आपल्याला सवड नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं आढळलं, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ माणसांनी आत्महत्या केली. त्या वर्षी कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. देशभरात आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या १३,०४४. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. नागपुरातल्या शाळा, महाविद्यालयं, नीट-जेईईचे क्लास मोजायला बसा आणि एवढी माणसं कुठून आणणार ते सांगा. त्यात यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. निर्णय योग्य आहे, माणसाच्या दुःखापुढे बसायला पोस्टाने शिकता येत नाही. पण गोंदिया-गडचिरोलीतली मुलगी जे घरी राहून शिकू शकत होती, त्यासाठी तिला आता शहरात प्रत्यक्ष जागा लागणार. ती जागा कुणीतरी काढायला हवी.

आपल्या शहरात १८६४ पासून मनोरुग्णालय आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. त्याच्याजवळच्या चौकाला लोक अजून ‘पागलखाना चौक’ म्हणतात, ऑटोवाल्याला तोच पत्ता सांगतात. दीडशेहून अधिक वर्षं भिंतीआडचे उपचार शेजारी असूनही भिंतीबाहेर, नुकतं बिनसायला लागलेल्या माणसाशी बोलणारी तयार माणसं आपण पुरेशी घडवली नाहीत. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्याला आजही दारात कुणी पदवी विचारत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने समुपदेशकांना यादीत घेतलं, नोंदणीची घडी अजून नीट बसायची आहे.

काही जण अमरावतीकडे बोट दाखवतात. ‘विश्राम’ प्रकल्पात तिथल्या गावांतल्याच माणसांना शिकवून कामाला लावलं, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घ्यायला गेलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त हे प्रसिद्ध झालं. मग पदव्युत्तर शिक्षण कशाला, असा त्यांचा प्रश्न. उत्तर त्याच प्रकल्पात आहे. गावातल्या समुपदेशकाच्या पाठीशी वर कुणीतरी असतं, जो त्याच्या अडचणी ऐकतो, चूक दाखवतो, कोणता रुग्ण डॉक्टरकडे धाडायचा ते सांगतो. तो ‘वरचा’ माणूस तयार करणं हेच पदव्युत्तर वर्गाचं काम. एक चांगला पर्यवेक्षक दहा गावांचं काम सुधारतो.

आणि तो विदर्भातच तयार व्हावा. बेंगळुरूच्या ख्राइस्ट विद्यापीठासारख्या ठिकाणी हे विषय चांगले शिकवले जातात, पण शिक्षण इंग्रजीत, आणि शिकलेली मुलं सहसा तिकडेच राहतात. काटोलच्या बाईचं ‘पाय विहिरीकडं वयते’ हे वाक्य इंग्रजीत लिहून काढलं की त्यातली निकड अर्धी उरते. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास नागपुरात आले, मराठी शिकले, गोंडांमध्ये फिरून त्यांची गाणी आणि कथा उतरवून घेतल्या. १८६३ मध्ये बोरीजवळच्या पुरात ते बुडाले आणि ती टिपणं पुढे रिचर्ड टेंपल यांनी छापली. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायचं कारण नाही. पण समोरच्याची भाषा आधी शिकण्याची त्यांची शिस्त त्यांच्या वारसांनी पुढे चालवली असती तर आज गोंडीत, वऱ्हाडीत समुपदेशन शिकवणारी एखादी शाळा इथे उभी असती.

म्हणून अशा अभ्यासक्रमाला माझा पाठिंबा आहे, पण तो बिनशर्त नाही. प्रवेशाला धर्माची अट नको आणि विश्वासाच्या कबुलीवर सही नको. प्रार्थनेची हजेरी तर नकोच. अनुदानित संस्थेत ती सक्तीची करता येत नाही, हे संविधानाचं २८ वं कलम सांगतंच. वर्बेटिम आणि सराव मराठीत, हिंदीत, जमेल तिथे गोंडीत हवा. इंटर्नशिप चर्चच्या आवारात न होता जिल्हा रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, वसतिगृहांत व्हावी. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याच्या भाषेतलं संमतिपत्र द्यावं. इथे धर्माविषयी तुम्ही काढल्याशिवाय बोलणं होणार नाही, झालं तर या ठिकाणी तक्रार करा, असं त्यात लिहिलेलं असावं. ती तक्रार ऐकणाऱ्या समितीत निम्मी माणसं संस्थेबाहेरची, वेगळ्या धर्मांची हवीत. आज आक्षेप घेणारे माझे स्नेही तिथे बसले तर मला आनंदच होईल.

यातली सर्वांत अवघड अट पैशाची आहे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे आठवड्याला पर्यवेक्षणाचा वेळ द्यायचा म्हणजे अनुभवी पर्यवेक्षक पूर्ण पगारावर ठेवावे लागतात. एका पर्यवेक्षकाकडे पाच-सहांपेक्षा जास्त विद्यार्थी देता येत नाहीत. त्यामुळे वर्ग लहान राहतो, आणि फक्त फीवर तो चालत नाही. फी वाढवली तर शेतकऱ्याच्या घरातली मुलगी बाहेर राहते. हा खर्च दरवर्षी उचलायचा असं ज्या संस्थेच्या विश्वस्तांनी लेखी ठरवलेलं नसेल, तिने हा वर्ग उघडू नये.